कासला जाताय? मग नीट ऐका

सप्टेंबर लागला की कास पठार गाठायचंच. फक्त वार रविवार निवडा. मंगळवारी गेलात तर यवतेश्वरचा घाट मोकळा मिळतो, आणि मोकळ्या घाटात हॉर्न वाजवायला काही मजा नाही.

वर १,२०० मीटर उंचीवर फुलझाडांच्या ८५०हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. २०१२मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात कासही आलं. ही माहिती फलकावर लिहिलेली असते. ती वाचत बसू नका, फलकाला टेकून फोटो काढा.

आता मुख्य काम. पायाखाली जांभ्याचा कातळ आणि त्यावर माती म्हणाल तर जेमतेम बोटभर. तिच्यात नत्राची बोंब. म्हणून 'सीतेची आसवं' नावाचं वीतभरही नसलेलं रोप ओल्या मातीतल्या टाचणीच्या टोकाएवढ्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतं आणि पोट भरतं. शेजारी 'दवबिंदू' नावाच्या रोपाची पानं चिकट थेंब लावून किडे धरत बसलेली असतात. हे सगळं बघायला गुडघे टेकून वाकावं लागतं, नवी पँट मळते. त्यापेक्षा 'काय गालिचा आहे!' म्हणा आणि सरळ त्यावर आडवे व्हा. गालिचा असतोच कशासाठी? मुलांनाही सोडा. वहिनींना तेरड्यात बसवा, नाहीतर रील फिकी पडते.

इतक्यात कुणीतरी शिट्टी वाजवेल. ही आसपासच्या गावांतली, वन समितीची माणसं. पावती फाडतात, वर पायवाटेवरूनच चाला म्हणतात. त्यांना ठणकावून विचारा, निसर्ग काय तुमच्या बापाचा आहे? (तो आपल्या बापाचा असल्याची खात्री असली की आवाज आपोआप चढतो.)

मग कास तलाव. याचं पाणी साताऱ्याला प्यायला जातं. तेव्हा जेवण इथेच उरका आणि द्रोण-पत्रावळी काठावरच सोडा, सातारकरांनाही चव कळू दे.

टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते. एवढ्या लांबच्या तारखेसाठी आत्ताच सोय केलेली बरी. येताना रस्त्यालगत प्लॉटचे बोर्ड दिसतील, त्यातला 'व्हॅली व्ह्यू'वाला धरा. कारवी उपटून जागा सपाट करून देतात, बंगल्याला तिचंच नाव द्या.