पाळी चालू आहे म्हणून झोप हार्मोन्समुळे उडत नाही?

तळजाईला फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरला. 'पाळी चालू असेपर्यंत हार्मोन्स ठीक असतात. चाळिशीत झोप उडते ती टेन्शन आणि मोबाइलमुळे. खात्रीसाठी एकदा हार्मोन टेस्ट करा. हार्मोनच्या गोळ्या नकोत, कॅन्सर होतो. जायफळ घालून दूध प्या.' निम्म्या जणींनी खाली हात जोडले. वाईट वाटलं, कारण त्यातल्या दोघी-तिघी रात्री 3 वाजता जाग्या असतात. मीही असते.

पाळी चालू म्हणजे सगळं ठीक, हे मुळातच चूक. उलट पाळी जाण्याआधीची काही वर्षंच जास्त उलथापालथीची. पाळी येते, पण दर वेळी बीज सुटतंच असं नाही. नाही सुटलं की त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन फारसं तयार होत नाही. त्याच्यापासून मेंदूला शांत करणारं द्रव्य बनतं, तेही घटतं आणि झोप उथळ होते. त्यात इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन वरखाली होतं, मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, आणि जराशा उबेनेही अंगाला घाम फुटतो. गेल्या डिसेंबरात बाहेर पुण्याची कडाक्याची थंडी, नवरा गोधडीत गुरफटलेला, आणि मी पंखा लावून उशीची कोरडी बाजू शोधत होते. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला होता.

टेन्शनने झोप जाते, हे मान्य. पण सगळं त्याच्यावर ढकललं की बाई डॉक्टरकडे जातच नाही.

टेस्टचं म्हणाल तर एफएसएच, म्हणजे बीजकोशाला चालना देणारं हार्मोन, या वर्षांत आज जास्त, पुढच्या महिन्यात नॉर्मल येऊ शकतं. पंचेचाळिशीनंतर डॉक्टर मुख्यतः लक्षणं आणि पाळीच्या तारखांवरूनच ठरवतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) मात्र विचारून तपासून घ्या. या काळात अंगावरून जास्त जातं, लोह कमी होतं, आणि मग रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत.

कॅन्सरची भीती मुख्यतः अमेरिकेतल्या 2002 सालच्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं, अशी दोन्ही हार्मोन्स एकत्र घेणाऱ्यांत वर्षाला 10,000 जणींमागे स्तनाचा कॅन्सर सुमारे 8 जणींना जास्त झाला. धोका शून्य नाही, आणि स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना या गोळ्या सहसा देतच नाहीत. पण साठीच्या आतल्या, घामाने हैराण झालेल्या, बाकी निरोगी बाईला बहुतेक वेळा फायदा जास्त असतो.

दूध खुशाल प्या. पण घोरणं वाढलं असेल, झोपूनही सकाळी डोकं जड राहत असेल, तर झोपेत श्वास अडकतोय का ते तपासा.

डॉक्टरकडे जाताना पाळीच्या तारखा आणि रात्री जाग आल्याच्या वेळा वहीत लिहून न्या. एकटीला संकोच वाटत असेल तर मी येते सोबत.