वर्डमध्येच आणा म्हणे!

विश्रामबागेतल्या झेरॉक्सवाल्याला पेनड्राइव्ह दिला की ठरलेलं वाक्य येतं: "काका, उघडंना. वर्डमध्ये करून आणा."

अरे बाबा, सोसायटीचा दोन पानी अर्ज आहे! तेवढ्यासाठी वर्डची दर वर्षी वर्गणी भरू? लिब्रेऑफिस हे वर्डसारखंच सॉफ्टवेअर 2010 पासून फुकट मिळतंय, युनिकोड मराठी नीट घेतं. त्याची ओडीटी फाइल काय परग्रहावरची नाही. ओडीएफला, म्हणजे ही फाइल ज्या प्रकारातली त्याला, 2006 सालीच आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळालाय, आणि वर्डसुद्धा ती उघडतं. पण हा गडी नावामागची तीन अक्षरं बघूनच मान हलवतो. डबल क्लिक करायचेही कष्ट नकोत.

बरं, वर्डची डॉकएक्स फाइल करून नेली. तर तक्ता सरकला, सही दुसऱ्या पानावर! कारण माझा फॉन्ट त्याच्या मशिनवर नाही. वर्डमधून वर्डमध्ये नेली असती तरी हेच झालं असतं. पण बोलणी कुणाला? "फुकटच्या" सॉफ्टवेअरला. आणि ह्याच्या वर्डवर 'सक्रिय करा'ची, म्हणजे परवाना नसल्याची, पट्टी गेली दोन वर्षं झळकतीय, ते मात्र चालतं.

पुतण्याला ऑफिसात मॅक्रोवाल्या (आपोआप कामं करणाऱ्या आज्ञांच्या) फायली चार जणांत फिरवायच्या असतात, त्यानं खुशाल विकतचं घ्यावं. मला भाडेकरार नि हळदीकुंकवाची यादी छापायचीय हो!

शेवटी पीडीएफ नेली. सगळं जागच्या जागी. तर म्हणतो, "काका, तारीख चुकलीय बघा. वर्डची आणलीय का?"