छोट्या कॅमेऱ्याच्या नादी लागू नका

गेल्या रविवारी मला अक्कल आली. ती एकट्यानं ठेवून काय करू, म्हणून वाटून टाकतो.

पहिला सल्ला: खिशात मावेल असा कॅमेरा कधीही घेऊ नका. खिशात मावणाऱ्या वस्तूला आपल्याकडे मान नाही, पाकीट सोडून. माझ्याकडे ऑलिंपस एक्सए आहे. १९७९ साली आलेला, फिल्मवर चालणारा, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. योशिहिसा मैतानी नावाच्या डिझायनरनं हट्टच धरला होता की याला ठेवायला वेगळी केस नको आणि लेन्सला झाकणही नको. पुढचं कवच सरकवलं की कॅमेरा तयार. आता सांगा, केस नाही, झाकण नाही, गळ्यात रुंद पट्टा नाही, तर चारचौघांत तुम्हाला फोटोग्राफर म्हणून ओळखायचं कशावरून?

दुसरा: बॅग मोठी घ्या. चाकं असतील तर उत्तम. (मी दहा वर्षं तशी बॅग वाहिली. आता कमरेला पट्टा बांधतो.)

तिसरा सल्ला आवाजाचा. आवाज न करणारा कॅमेरा म्हणजे हातात काही नसल्यातच जमा. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून बघायच्या मोठ्या कॅमेऱ्यात, कसा, दर फोटोला आरसा वर आपटतो, पडदा सरकतो, आरसा परत खाली येतो, जगाला कळतं की काहीतरी घडलं. एक्सएत आरसाच नाही. शटर लेन्सच्या पोटात, इवल्याशा पात्यांचं. बटण दाबलं की जे ‘टिक्’ होतं ते मला ऐकू येतं, तेही पंखा बंद असेल तर. त्याहून जास्त आवाज अंगठ्यानं रोल पुढे सरकवताना होतो, किर्रर्र असा. मी फोटो काढतो गाण्याच्या बैठकीत, म्हणून त्यासाठी समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघतो. सम आली, लोक ‘वाऽ’ म्हणाले, की त्यात माझं किर्रर्र खपून जातं. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागलेला नाही. असला मूर्खपणा तुम्ही करू नका.

रविवारी सकाळची घरगुती गाण्याची बैठक होती. तीसेक माणसं, सतरंजी, माईकसुद्धा नाही. गाणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, तोडी राग. आणि पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यासमोर, एक सद्गृहस्थ दोन बॉडी, म्हणजे लेन्स बदलता येणारे दोन कॅमेरे, घेऊन. एकीवर सत्तर-दोनशे, लांबचं जवळ आणणारी. हॉल केवढा, लेन्स केवढी! बाई सहा फुटांवर बसलेल्या. नथीतले मोती मोजायचे होते बहुधा.

आधी पीप. म्हणजे फोकस झाला. झाला तर झाला, त्याची वर्दी तीस जणांना कशाला? पुन्हा पीप. पुन्हा. मग बाई गंधाराकडे निघाल्या. तोडीचा गंधार आहे तो, तिथे नीट पोचायला माणसाचं आयुष्य जातं. डोळे मिटलेले, हात हलकेच वर आलेला, स्वर तानपुऱ्यात विरघळायच्या बेतात, आणि खटखटखटखटखटखट! सेकंदाला दहाच्या हिशेबानं! अहो, बाई एका जागी मांडी घालून बसल्या आहेत, शंभर मीटर पळत नाहीयेत! दहाही फोटोंत त्या डोळे मिटूनच असणार ना? मग यांची मान खाली, फोटो मागे-पुढे करून तपासणी. शेजारच्या काकूंनी ‘च्यक्’ केलं, तर यांनी त्यांना स्क्रीन दाखवला. त्यांना वाटलं, काकूंना बघायचाय.

सव्वा तासात मी एक फोटो काढला. एक. टिक्. यजमानांचा पुतण्या वाकून वाकून माझ्यापर्यंत आला. “काका, फोटो नको प्लीज. गाण्यात व्यत्यय येतो.” मी पहिल्या रांगेकडे बोट केलं. “ते ऑफिशियल आहेत.”

चौथा सल्ला: ऑफिशियल व्हा. बऱ्याच खिशांचं जाकीट पुरतं.

सामान कमी करायचं खूळ डोक्यात शिरलंच, तर आधी भरपूर खरेदी करा. माझा एक मित्र डिजिटल सगळं विकून अपरिग्रहाला लागला. आज त्याच्याकडे सात छोटे फिल्म कॅमेरे आहेत. त्यात एक रोलाय ३५, ज्याचा फ्लॅश बुडाला लावतात. रोल एकातही नाही.

फिल्म तर नकोच. ३६ फोटो झाले की खेळ संपला, म्हणजे प्रत्येक वेळी डोकं वापरायचं. आमच्या घरी वडोदऱ्यात बनलेला आगफा क्लिक थ्री होता, त्यात तर एका रोलला १२ च. त्या बारांत वडिलांनी माझी अख्खी मुंज बसवली, वर दोन शिल्लक ठेवले आजीसाठी. कसली ही दरिद्री वृत्ती!

जाऊ द्या. सल्ले पुरे.

अहो पहिल्या रांगेतले महाराज, तुमचा कॅमेरा मिररलेस आहे, मी पाहिलाय. त्यात आरसाही नाही आपटायला. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की आवाज शून्य. पीप मेन्यूतून बंद होतो. दोन मिनिटांचं काम. एवढे पैसे मोजलेत, मग मेन्यू उघडायला काय झालं होतं? एलईडीच्या उजेडात फोटोवर पट्टे येतात म्हणाल. सकाळ होती, खिडकीतून ऊन येत होतं! आणि खटखटच करायची हौस असेल तर द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू होईपर्यंत थांबा, तबला जोरात वाजू दे. आलापात कशाला कडमडता? शेकड्यांनी फोटो काढलेत, बघणार कोण ते? तुम्ही तरी बघितलेत का? परवा ग्रुपवर तुमचे चार आले. चारांतल्या तीन फोटोंत बाईंचा हात मनगटापासून कापलाय. त्या हातानं गंधार दाखवत होत्या त्या, आणि तुम्ही सहा फुटांवरून सत्तर-दोनशे लावून तो हातच बाहेर ठेवलात. आणि त्या पुतण्याला कुणीतरी सांगा की व्यत्यय कानांनी ओळखायचा असतो, जाकिटावरून नाही.

पुढची बैठक महिनाअखेरच्या रविवारी आहे. या. एक बॉडी, एक छोटी लेन्स आणा. तो पीप घरूनच बंद करून या. आणि मागे बसा.