एडीएएस नेमकं उलटं वापरलं जातंय

२०२० मध्ये ग्लॉस्टर आली, २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७००, आणि तोवर महागड्या गाड्यांपुरतं असलेलं एडीएएस (कॅमेरा-रडारने रस्ता बघून ड्रायव्हरला सावध करणारी, वेळेला ब्रेक-स्टिअरिंगला हात देणारी यंत्रणा) आपल्या घरांपर्यंत पोचलं. आता क्रेटा, सेल्टोस, एलिव्हेटमध्येही ते मिळतं. चांगली गोष्ट आहे. पण मला दिसतं ते असं की समृद्धी महामार्गावर चढलं की लोक सगळं चालू करून निवांत होतात, आणि शहरात शिरलं की बीप-बीप नको म्हणून सगळंच बंद करून टाकतात. दोन्ही चूक. त्यातलं पहिलं जास्त जीवघेणं.

समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. या वेगात गाडी एका सेकंदाला ३३ मीटर जाते. मोबाईलवर दोन सेकंद नजर गेली तर ६६ मीटर रस्ता कुणीच पाहिलेला नसतो. आणि ॲडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग धरून पुढच्या गाडीशी आपोआप अंतर राखणारी सोय, पुढे चालणाऱ्या गाडीमागे छान चालते, पण लेनमध्ये बंद पडून उभा राहिलेला ट्रक तिला वेळेत कळेलच असं नाही. हे मी मनाचं सांगत नाही, बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये उभ्या वाहनांबद्दल स्पष्ट इशारा असतो. रडारला पूल, कठडे, पाट्या असं स्थिर काहीतरी सतत दिसत असतं. त्या प्रत्येकाला ब्रेक मारायचा नाही म्हणून स्थिर वस्तूंकडे बऱ्याचदा दुर्लक्ष केलं जातं. रात्री, टेललाइट नसलेला ट्रक आणि फोनमध्ये बघणारा ड्रायव्हर, एवढं पुरेसं होतं. हात स्टिअरिंगवरच आहेत असं गाडीला भासवायला तिथे पाण्याची बाटली अडकवून हात सोडल्याचे रील्स बघितले की मला खरंच राग येतो. लेव्हल २ म्हणजे गाडी मदत करणार, जबाबदारी पूर्ण तुमची.

घाटात तर क्रूझ लावूच नका. वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून बाजूला गेली की सिस्टिमला रस्ता मोकळा वाटतो, आणि गाडी ठरवलेला वेग गाठायला ऐन वळणात जोर धरते. खंबाटकी असो वा आंबा घाट, तिथे आपला पाय आणि आपला गिअरच बरा. मुसळधार पावसातही तेच. काचेवर पाण्याचा पडदा असेल तर कॅमेऱ्याला पट्टे दिसत नाहीत आणि निसरड्या रस्त्यावर क्रूझ मुळातच नको. मुंबई-गोवा महामार्गावर जिथे काम चालू आहे, तिथे डायव्हर्जनला जुने पट्टे तसेच राहिलेले असतात. लेन असिस्ट, म्हणजे पट्टे बघून गाडी लेनमध्ये ठेवणारं फीचर, त्या जुन्या पट्ट्यांच्या मागे जाऊ शकतं.

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे रात्री जाणाऱ्यांनी विशेष सांभाळा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर लोंबतोय, अशा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कॅमेरा ओळखेलच या भरवशावर राहू नका.

शहरातलं मात्र वेगळं. लेन असिस्ट बंद करा, हरकत नाही. खड्डा चुकवताना किंवा दुचाकीला जागा देताना इंडिकेटर न देता वळलात की ते स्टिअरिंग मागे ओढतं आणि माणूस दचकतो. क्रूझने ठेवलेल्या अंतरात रिक्षा घुसते, गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न वाजवतो. तेही नको. पण ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक (धडक होणार असं दिसलं की गाडी स्वतःच ब्रेक लावते तो) बंद करू नका, कळकळीने सांगतोय. सिग्नलला सरकताना नजर क्षणभर चुकते आणि पुढे कुणीतरी आडवं येतं, तेव्हा कमी वेगात हीच यंत्रणा खरी उपयोगी पडते. धडकेचा इशारा फार लवकर वाजतो असं वाटत असेल तर बऱ्याच गाड्यांत तो उशिरावर ठेवता येतो.

शोरूमकडूनही माझी अपेक्षा आहे. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो होतात आणि एडीएएस उभ्या गाडीत स्क्रीनवर पाच मिनिटांत दाखवलं जातं. दसऱ्याला गाडी घेणार असाल तर हट्ट धरा, त्यांच्या माणसाला घेऊन अर्धा तास हायवेवर जाऊन या. आणि घरात जे जे ती गाडी चालवणार, बाबा, बायको, ठेवलेला ड्रायव्हर, त्या सगळ्यांना सोबत न्या. बऱ्याच घरांत सिस्टिम एकालाच समजलेली असते आणि किल्ली मात्र तिघांकडे असते.