एक कार्ड, तीन वारसदार

इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घरात न्हाणीघर एकच असल्यामुळे, एका वस्तूचे चार भागीदार असले की सकाळी काय घडते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही घरातल्या संगणकाच्या एकुलत्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावरची चित्रे रंगवणाऱ्या भागाची, वाटणी करण्याची दुर्बुद्धी मला झाली. कन्येला ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे घडवण्याचे सॉफ्टवेअर हवे होते, पुतण्याला विंडोजवरचे खेळ, आणि मला फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे सारे जमवून दाखवण्याची खुमखुमी होती.

प्रोसेसर आणि मेमरी यांचे हिस्से केव्हीएमने, म्हणजे एका संगणकात अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या सोयीने, जी २००७ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच (गाभ्यातच) आहे, कुरकुर न करता पाडून दिले. कार्डाने मात्र भाऊबंदकी दाखवली. खरे उपकरण थेट आभासी यंत्राच्या हाती सोपवणाऱ्या व्हीएफआयओच्या मार्गाने ते अख्खेच्या अख्खे एका आभासी यंत्राला द्यावे लागते. म्हणजे जो आत गेला त्याने कडी लावली, आणि खुद्द यजमान यंत्र, म्हणजे खरा संगणक, टॉवेल घेऊन बाहेर उभे! शिवाय उपकरणांना मेमरीची हद्द आखून देणाऱ्या आयओएमयूच्या एका गटातली उपकरणे सोबतच सोडावी लागतात. कार्डाचा आवाजाचा भाग जाणार, हे मी वाचले होते. पण कीबोर्ड ज्यावर होता तो यूएसबी कंट्रोलरही त्याच गटात निघाला. रात्री अकरा वाजता पडदा काळा, कीबोर्ड मुका. आतून आई म्हणाली, “अरे, फ्यूज बघ आधी.” अखेर फोनवरून एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने) शिरून पुतण्याचे यंत्र बंद करू लागलो, तर फोनने ‘व्हर्श’ या आज्ञेचे दोनदा ‘व्हायरस’ केले. यंत्र बंद झाले, पण कार्ड काही शुद्धीवर येईना. शेवटी सगळेच रीस्टार्ट करावे लागले.

एसआर-आयओव्हीत एकच कार्ड स्वतःला अनेक कार्डे म्हणून मिरवते, पण ती ऐपत बहुतेक सर्व्हरच्या महागड्या कार्डांची. मग व्हर्गल लावले. त्यात पाहुण्या, म्हणजे आभासी, यंत्राच्या ओपनजीएलच्या (चित्र काढण्याच्या) आज्ञा यजमानाकडे जातात आणि तो त्या खऱ्या कार्डावर चालवतो. थोडक्यात, दाराबाहेरून बादली द्यायची आणि आतल्याने भरून द्यायची. कन्येच्या लिनक्समध्ये ब्लेंडर उघडले, पण रेंडर करताना, म्हणजे अंतिम चित्र तयार करताना, कार्ड सापडेना, म्हणून सारा भार प्रोसेसरवर पडला. पुतण्याच्या विंडोजला ही बादली चालेना.

तेव्हा कडीच बरी, असे ठरवून मी वेळांचा कागद फ्रिजवर चिकटवला: सात ते नऊ कन्या, नऊ ते अकरा पुतण्या, पुढे मी. सकाळी पाहतो तो सर्वांत वर आईच्या अक्षरात एक ओळ वाढलेली: “पहाटे साडेपाच ते सहा, मी. गीझर आधी लावणे.”