उंदरांच्या लिव्हरवरून द्राक्षं बंद करू नका
नाशिककडच्या पिंपळगाव, दिंडोरी साईडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की भुरीच्या (द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या) औषधाने उंदरांचं वजन घटलं, लिव्हर वाढलं, म्हणून पोरांना द्राक्षं देऊ नका. अहो, हे अर्धवट आहे. अशा टेस्टमध्ये उंदरांना बऱ्याचदा 90 दिवस रोज खाद्यातून औषध देतात आणि वरचा डोस मुद्दाम इतका ठेवतात की काहीतरी परिणाम दिसलाच पाहिजे. खाद्याची चव बिघडली की उंदीर कमी खातो, वजन घटतं, म्हणजे घटलेलं वजन दरवेळी विषामुळेच असतं असं नाही. शिवाय भुरीवर वापरतात ते ट्रायझोल गटातलं औषध मोडून काढायला लिव्हर जास्त एन्झाइम बनवतं, पेशी फुगतात, लिव्हरचं वजन खरंच वाढतं, पण डोस थांबवला की बऱ्याचदा ते परत खाली येतं. पेशी मेल्यात का, लिव्हरमधून गळून रक्तातले एन्झाइम वाढलेत का, हे बघितल्याशिवाय लिव्हर खराब झालं म्हणता येत नाही. ज्या डोसला वाईट परिणाम दिसत नाही त्याला सहसा 100 ने भागून माणसाची रोजची मर्यादा ठरवतात.

म्हणून फवारणी कशीही करा असं नाही हां! ही औषधं आंतरप्रवाही म्हणजे झाडाच्या आत शिरणारी असतात, नुसतं धुऊन सगळी जात नाहीत, त्यामुळे लेबलवर दिलेलं शेवटची फवारणी ते काढणी हे अंतर बागायतदारांनी पाळलंच पाहिजे.