बीचे गुण तेलाच्या खात्यावर

गेला महिनाभर आमच्या नात्यागोत्याच्या सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. बेळगावच्या शहापूरहून खानापूरला, तिथून निपाणीला, परत शहापूरला. त्याचा सारांश असा: द्राक्षाच्या बियांचं तेल म्हणजे अमृत. कोलेस्टेरॉल शून्य, ई जीवनसत्त्व सगळ्यात जास्त, द्राक्षातली सगळी अँटिऑक्सिडंट त्यात उतरलेली, शुगर आटोक्यात ठेवतं, लवकर धुरावत नाही म्हणून तळणाला सर्वोत्तम. आणि वरून अभिमानाची फोडणी: आपल्या अथणीच्या द्राक्षातलं हे सोनं आपणच ओळखलं नाही.

शहापूरच्या आत्याने अर्ध्या लिटरची बाटली मागवलीसुद्धा. साडेआठशे रुपये. मग मला फोन. "शेंगा तेल बंद करू काय गं आता?"

आत्या, नको. आणि अथणीपासूनच सुरू करू, कारण तिथेच मेसेजचं बिंग फुटतं. अथणी, तेलसंगपासून पलीकडे तासगावपर्यंतच्या बागांत थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हीच नावं ऐकू येतात, आणि ही सगळी बिनबियांची. एक मणी उभा चिरून बघ. आत दोन पांढुरके, कोवळे ठिपके दिसतील, दाताखाली कळणारही नाहीत असे. बी धरायला लागते आणि कवच टणक व्हायच्या आधीच खुंटते. त्यातून तेल काय निघणार, कप्पाळ?

द्राक्षबियांचं तेल हे मुळात वाईनच्या धंद्याचं जोडउत्पादन. इटली, फ्रान्स, स्पेनकडे वाईनसाठी द्राक्षं पिळली की साल-बियांचा चोथा ढिगांनी उरतो. बीत तेल असतं साधारण 10 ते 20 टक्के. एवढं कमी तेल नुसतं दाबून काढणं परवडत नाही, म्हणून बरंचसं तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने काढतात आणि मग रिफाइन करतात. घाण्यासारखं दाबून काढलेलंही मिळतं, महाग.

यावर ग्रुपवर एका भावाचं उत्तर आलं, "बेदाण्याच्या शेडवर ऑइलचे कॅन बघितलोय की मी!" बघितला असणारच. त्याला डिपिंग ऑइल म्हणतात. ते असतं इथाइल ओलिएट. पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात ते कालवून घड बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणचट थर विस्कटतो, पाणी झटपट बाहेर पडतं आणि जाळीवर बेदाणा लवकर वाळतो. द्राक्षं त्यात बुडतात, ते द्राक्षातून निघत नाही!

आता खरा घोळ, अँटिऑक्सिडंटचा. द्राक्षाच्या बीत प्रोअँथोसायनिडिन नावाची अँटिऑक्सिडंट द्रव्यं भरपूर असतात, हे खरंच आहे. बाजारात बियांची काळी द्राक्षं येतात, त्यातली एक बी चावून बघ. जीभ आखडते, हिरड्या ओढल्यासारख्या होतात. तो तुरटपणा म्हणजेच ती द्रव्यं. आता बाटलीतलं तेल चमचाभर जिभेवर घे. तुरटपणाचा मागमूस नाही. कारण ही द्रव्यं पाण्यात, दारूत विरघळतात, म्हणून तर तांबडी वाईन तुरट लागते. तेलात ती जवळजवळ उतरतच नाहीत, मागे पेंडीत राहतात. मेसेजमधले बरेच गुण बियांच्या अर्काच्या गोळ्यांवरच्या अभ्यासांतून उचललेले आहेत. अर्क वेगळा, तेल वेगळं. दोन्हींच्या नावात "द्राक्षबी" आलं म्हणून एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली.

कोलेस्टेरॉल शून्य? शेंगा तेलातही शून्य, अगदी वनस्पती तुपातही शून्य. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. बाटलीवर हे छापणं म्हणजे तांदळाच्या पोत्यावर "हाडं नाहीत" असं लिहिण्यातला प्रकार.

ई जीवनसत्त्वाचं म्हणणं अर्धं खरं आहे. 100 ग्रॅम द्राक्षबी तेलात ते साधारण 29 मिलिग्रॅम, शेंगा तेलात 16च्या आसपास. पण करडईत 34 आणि सूर्यफुलात 41. म्हणजे "सगळ्यात जास्त" गेलं.

आणि करडईचा विषय निघालाच आहे तर ऐक. द्राक्षबी तेलात सुमारे 70 टक्के लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-6. आपल्या जुन्या करडईच्या तेलात तेच सुमारे 75 टक्के. तूप, पामतेल कमी करून त्याजागी असं तेल वापरलं तर वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, हे पक्कं ठाऊक असलेलं आहे. (दुसरीकडून "बियांची तेलं म्हणजे विष" असाही मेसेज येतो, तोही तितकाच फुसका.) पण हा गुण द्राक्षाचा नाही, त्या आम्लाचा आहे, आणि आज्जी भाकरीवर चटणी घेऊन त्यावर करडईची जी धार सोडायची, तिच्यात तो होताच. ओमेगा-3 मात्र दोन्हींत नावालाच. त्यासाठी जवसाची चटणी आहे.

शुगरबद्दल इराणमधला एक अभ्यास दाखवतात. जादा वजनाच्या 44 बायका, दोन महिने, वजन उतरवायच्या आहारात काहींना सूर्यफूल तेल तर काहींना द्राक्षबी तेल. दुसऱ्या गटात इन्सुलिनची कामगिरी जरा सुधारली. चांगली गोष्ट आहे, पण 44 जणींवरून कुणी आपली गोळी बंद करू नये. आणि बाटली कुठलीही असो, मोठ्या चमच्याला 120 कॅलरी आल्याच.

राहिलं तळण. हे तेल साधारण 215 अंशांना धुरावतं आणि भजी तळायला 170 ते 190 अंश पुरतात, त्यामुळे मेसेज पटतो. पण धूर दिसत नाही म्हणजे तेल बिघडत नाही असं नव्हे. लिनोलेइक आम्ल जितकं जास्त, तितकं तेल तापवल्यावर हवेशी लवकर भांडतं. परत परत तापवलं की फेस धरतं, आणि कढईच्या काठाला तो पिवळा चिकट थर बसतो, नखाने खरवडला तरी न निघणारा. आपल्याकडच्या बायकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, तरी करडई वरून घ्यायला आणि शेंगा तेल तळायला अशी वाटणी केलीच होती. शेंगा तेलात ओलेइक आम्ल जास्त, ते आचेवर जास्त टिकतं. बाहेरच्या तळणासाठी तर सरकारी नियमच आहे: 1 जुलै 2018 पासून, वापरलेल्या तेलात पोलर घटक (तापवून तेल बिघडलं की तयार होणारी द्रव्यं) 25 टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यायचं.

तेव्हा आत्या, बाटली फेकू नकोस, पैसे मोजलेत. कोशिंबिरीवर, फोडणीला वापर. गॅसशेजारी ठेवू नको, कपाटात अंधारात ठेव आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपव. तळणाला घाण्यावरचं शेंगा तेलच आण.

हे सगळं फोनवर सांगून झालं. पलीकडे जरा शांतता. मग, "बरं, केसाला तरी लावू काय?"

लाव की. साडेआठशेच्या तेलाने केस विंचरलेली गल्लीत तू एकटीच.